एडक्याचं नाक

आमच्याकडं मेंढी आजारानं मरत नाही, बिबट्यानं मरते. निदान सोनटक्के डॉक्टर येईपर्यंत तरी असंच होतं. बिबट्यानं नेली तर वनखातं भरपाई देतं, आजारानं गेली तर कुत्रंही विचारत नाही. मग मेंढीनं उगाच आजारानं का मरावं? जनावरांच्या दवाखान्यातून दर महिन्याला वर एक कागद जातो. त्यात मेंढ्यांच्या रोगांचा एक रकाना असतो. मी तिथं झाडलोट करायला लागले तेव्हापासून त्या रकान्यात 'निरंक' हाच शब्द बघितला. म्हणजे काही नाही. आधीचे डॉक्टर तर महिना लागायच्या आधीच तो शब्द लिहून ठेवायचे आणि मग महिनाभर निवांत असायचे.

सोनटक्के डॉक्टर पावसाळा सरताना आले. मोटरसायकलच्या मागं एक मोठं प्लास्टिकचं घमेलं बांधलेलं. मला वाटलं, एकटा माणूस आहे, धुणीभांडी करायला आणलं असेल. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्याच्या दारात ठेवलं, त्यात जांभळं औषधाचं पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "हिराबाई, आजपासून कोणीही आलं तरी आधी यात पाय बुडवणार, मग आत येणार. तुम्ही दारात लक्ष ठेवायचं."

माझ्या तोंडून शब्द फुटत नाही हे साऱ्या गावाला माहीत. म्हणून मी नुसती घमेल्याकडं बोट दाखवायची. एक म्हातारी शेळी घेऊन आली, तिनं पाय बुडवले, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "कोणच्या देवाचं गं?" सरपंच नवे पांढरे बूट घालून आले. डॉक्टरांनी त्यांनाही सोडलं नाही. बूट जांभळे झाले आणि दवाखान्याच्या भिंतींना मंजूर झालेला रंग नामंजूर झाला. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "रोगाला स्वतःचे पाय नसतात, हिराबाई. तो आपले वापरतो." हे वाक्य ते दिवसातून चार वेळा म्हणायचे, आणि ऐकायला मीच असायची.

माणूस उंच, वाळलेला, जवळून गेला की फिनेलचा वास. खिशात दोन पेनं आणि मधे थर्मामीटर. हात कोपरापर्यंत धुवायचे, तेही जनावराला हात लावायच्या आधी आणि नंतर, आणि न लावताही. कोणाच्या घरी चहा घेत नसत. लोकांना वाटायचं जातीचं काहीतरी असेल. तसं काही नव्हतं. ज्या हातानं मेंढी धरली त्या हातानं कप धरायचा नाही, एवढंच. पण हे समजावून सांगायला लागले की त्यांना अर्धा तास लागायचा, तोवर चहा निवायचा आणि माणूस जास्तच रागवायचा.

माणसाशी बोलायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दुसरा माणूस भेटला की बरं आहे का विचारतो. डॉक्टर विचारायचे, "कोणी शिंकतंय का?" वारूळवाडीला एका लग्नात पंगत बसली होती. जिलेबी वाढत होते. समोरच्या पंगतीत एक धनगर दिसला तसे डॉक्टर तिथूनच ओरडले, "काय हो, तुमच्याकडं पातळ हगवण होती ती थांबली का?" अख्खी पंगत थांबली. धनगरानं पत्रावळीकडं बघत सांगितलं, "थांबली साहेब. आता जिलेबी बी थांबली."

तरी एक गोष्ट खरी. वाड्यावर जाणारे तेच एक डॉक्टर आम्ही पाहिले. वाडा म्हणजे मेंढपाळांचा शेतातला मुक्काम, चार पालं, दोन घोडी आणि जाळीच्या आत बसलेल्या मेंढ्या. आज बोरी बुद्रुकच्या शिवारात, तर आठ दिवसांनी मढच्या वाटेला. डॉक्टर मोटरसायकल लांब रस्त्यावर लावायचे, बुटांवरून पिशव्या चढवायचे आणि ढेकळांतून चालत जायचे. प्रत्येक मेंढीचं नाक बघायचे, डोळे बघायचे, शेपटी उचलून बघायचे. "आधी नाक बघा," हे सगळ्यांना सांगायचे. "रोग आधी नाकात दिसतो." आणि बाहेरून आणलेलं जनावर पंधरा दिवस वेगळं बांधायचं, हेही सांगायचे. धनगर हो हो म्हणायचे आणि डॉक्टरांची पाठ वळली की त्यांच्या चालीची नक्कल करायचे.

सगळ्यात जास्त टिंगल ठकूबाई करायची. तिचा वाडा मोठा, दीडशे मेंढ्या. नवरा होता, पण त्याचा आवाज मी आजवर ऐकलेला नाही, त्या बाबतीत तो माझाच भाऊ शोभेल. बोलायचं काम ठकूबाईचं. घमेल्यात उभी राहून ती म्हणायची, "डाक्टर, माजं दोन पाय झालं. आता दीडशे मेंढ्यांचं किती पाय झालं त्ये हिशेब करा तुमी शिकल्यालं. तवर आमी वाड्यावर जाऊन भाकरी खाऊन येतो."

"मेंढ्यांचे पाय नको, ठकूबाई. आपले धुतले तरी पुरे."

"मंग मेंढ्यांनी काय पाप केलं?" म्हणायची आणि जांभळ्या पावलांनी फरशी रंगवत आत जायची. फरशी मला पुसावी लागायची.

बिबट्याची गोष्ट भागूजीची. भागूजीही मेंढपाळच, पण ठकूबाईपेक्षा लबाड. एकदा सकाळी मेलेली मेंढी खांद्यावर टाकून आला. "साहेब, बिबट्यानं मारली. दाखला द्या."

डॉक्टरांनी मेंढी टेबलावर घेतली, चष्मा पुसला आणि मानेवरची लोकर बाजूला केली. मला म्हणाले, "हिराबाई, इकडं या. दात मोजा."

दोन भोकं होती. गोल, सारखी, एका मापाची. पोती शिवायच्या दाभणाची भोकं मी घरी रोज बघते.

"भागूजी, या बिबट्याला दोनच दात आहेत."

"म्हातारा असंल."

"कोण?"

"बिबट्या की."

"आणि रक्त कुठंय?"

भागूजी विचार करून म्हणाला, "पिला असंल साहेब."

डॉक्टरांनी दाखला दिला नाही. त्यांनी मेंढी फाडली. आत काळजात चपटे किडे निघाले. एवढा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. भागूजीची मेंढी मेली, दाखला गेला, आणि हे पेढे वाटायचे तेवढे बाकी. त्या महिन्यात रकान्यात पहिल्यांदा 'निरंक' सोडून दुसरं काहीतरी लिहिलं गेलं. मोठ्या साहेबांचा लगेच फोन आला. मोठे साहेब म्हणजे ज्यांच्याकडं आमचा कागद जायचा ते. फोनमधला आवाज मोठा, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"सोनटक्के, तुमच्याच भागात कसा रोग निघतो?"

"बघतो म्हणून निघतो, सर."

तेव्हापासून डॉक्टर साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागले. पुढं तीन वर्षं डॉक्टर बघत राहिले आणि काही ना काही निघत राहिलं. बाकी कोणाकडं काही निघत नव्हतं. त्यामुळं वरच्या कागदांत असं दिसायचं की सगळीकडं मेंढ्या ठणठणीत आहेत, फक्त सोनटक्के डॉक्टर जिथं जातात तिथं आजारी पडतात. हे शेवटी खरं ठरायचं होतं, पण ते तेव्हा कोणाला माहीत!

एक दिवस मोठे साहेब स्वतः गाडीतून आले. घमेल्याला वळसा घालून आत आले. म्हणाले, "मेंढ्यांना रोगापासून सुरक्षित कसं ठेवायचं, यावर आपण मोठं शिबिर घेऊ. तुमच्याच आवारात. सगळे वाडे बोलवा. जंताचं औषध फुकट देऊ. पाहुणे मुंबईहून आणतो."

डॉक्टर म्हणाले, "माणसं बोलवू, सर. मेंढ्या नको. वेगवेगळ्या कळपांतल्या मेंढ्या एकत्र आणायच्या नाहीत, हेच तर शिकवायचंय."

"मेंढ्यांशिवाय मेंढ्यांचं शिबिर? फोटोत काय दाखवू, खुर्च्या?"

साहेब उठता उठता म्हणाले, "तुमचा सत्कारही ठेवलाय. या भागातलं तुमचं काम आता वर कळलं पाहिजे."

नोकरीच्या इतक्या वर्षांत या माणसाला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. दोन दिवस ते नेहमीपेक्षा जास्त वेळ हात धुत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "हिराबाई, मैदान नीट झाडून घ्या." त्या दिवसापासून ते दुपारी लसीच्या फ्रिजसमोर उभे राहून भाषण पाठ करायचे. फ्रिज मधेच घुरघुर करायचा, तेव्हा थांबायचे, टाळ्या पडल्यासारखे.

शिबिराला अकरा वाडे आले. मैदानात पाय ठेवायला जागा नाही. ठकूबाई तेवढी मेंढ्या मागं ठेवून आली, बरोबर नुसता एक एडका, म्हणजे नर मेंढा. डॉक्टरांना म्हणाली, "मेंढ्या न्हाई आनल्या. औषध बाटलीत द्या." डॉक्टरांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं शिवी दिली. तीन वर्षं ते जे सांगत होते ते एकटी तीच ऐकत होती, आणि ते कळायला त्यांनी नेमका तो दिवस निवडला.

पाहुण्यांनी एडक्याला हार घालायचा असं ठरलं होतं. त्यासाठी भागूजीचा एडका काढला. शिंगं दोन दोन वेढ्यांची, दिसायला राजा. त्याला व्यासपीठापुढं उभा केला. नाकातून पिवळं गळत होतं. डॉक्टरांच्या खांद्यावर शाल पडली होती, हातात नारळ. त्यांनी वाकून मला सांगितलं, "हिराबाई, त्याचं नाक पुसा हो. फोटो आहे."

मी फडक्यानं पुसलं. फडक्यातून श्वास गरम लागला. डोळ्यांच्या कडाही चिकटलेल्या. मी सगळा जीव गोळा करून म्हणाले, "साहेब, नाक लई गरम हाय. डोळं बी चिकाटल्यात."

माझा आवाज लहान, पण त्यांनी ऐकला. त्यांनी एडक्याकडं बघितलं. एखादा माणूस घड्याळ बघेल तेवढा वेळ नाही, चांगलं नीट बघितलं. मग फोटोवाला ओरडला, "डॉक्टरसाहेब, इकडं!" ते इकडं वळले. मला म्हणाले, "नंतर बघू."

फोटो छान आला. हार तुटून खाली पडला तो आजूबाजूच्या सात-आठ मेंढ्यांनी वाटून खाल्ला. तिकडं डॉक्टर माईकवर सांगत होते की एका कळपातलं वैरण-पाणी दुसऱ्या कळपाला देऊ नका. इकडं मेंढपाळ आपल्या रिवाजाप्रमाणं वागले. दोन वाडे भेटले की चांगले एडके आपसात बदलायचे, म्हणजे पुढची पिल्लं सुधारतात. हार घातलेल्या एडक्याला मागणी फार. शेवटी भागूजीनं तो ठकूबाईला दिला आणि तिचा घेतला. दुसऱ्या दिवशी अकरा वाडे अकरा दिशांना गेले. अर्धे घोडनदी ओलांडून आंबेगावच्या बाजूला.

सहाव्या दिवशी ठकूबाईचा फोन आला.

"डाक्टर, तुमचा हारवाला एडका मेला."

"कुठं बांधला होता?" डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं.

"कुटं म्हंजी? लांब, बाभळीखाली. तुमीच म्हनला व्हता ना पंदरा दिस? मी येगळाच ठिवला. तोंड आलं व्हतं, हगवान व्हती, आन् नाक तर काय इचारूच नगा." मग म्हणाली, "नाक तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

डॉक्टर खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी हात धुतले नाहीत.

एडक्याचे नमुने बर्फात घालून पुण्याला गेले. उत्तर आलं, पीपीआर. मेंढ्या-शेळ्यांचा हा रोग एका कळपात शिरला की भराभर पाडतो. औषध नाही, पण निरोगी कळपाला आधी लस टोचली तर वाचतो. तोवर भागूजीच्या मेंढ्या पडायला लागल्या होत्या, आणखी चार वाड्यांतल्याही.

लस मागवायची तर रोग कुठून निघाला आणि कुठं कुठं गेला असेल ते लिहून द्यावं लागतं. शिबिरात अकरा वाडे एकत्र आले होते हे लिहिलं, तर अकराही वाड्यांच्या वाटेवर लस मिळणार. नाही लिहिलं, तर एकट्या भागूजीपुरती. मोठ्या साहेबांचा फोन आला. ते चिडले नव्हते, फार गोड बोलत होते.

"सोनटक्के, पावसाळी चाऱ्यानं होतं असं. एका कळपाचं लिहा आणि विषय संपवा. शिबिराचं नाव कागदात नको. फोटो छापून आलाय. तुमची बढतीची फाईल माझ्या टेबलावर आहे."

दोन दिवस तो कागद टेबलावर कोरा पडून होता. मी रोज त्याच्याभोवती टेबल पुसत होते. तीन वर्षं साऱ्या मुलखाला 'लपवू नका, लपवू नका' म्हणून ओरडणारा माणूस, आणि त्याला लपवायला आयुष्यात एकच गोष्ट मिळाली, तर तो तिच्यापुढं पेन घेऊन बसलेला. भागूजीनं निदान दाभण वापरलं होतं. त्याला दोन दिवस लागले नव्हते.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी परत ठकूबाईचा फोन. ती आंबेगावच्या अंगाला पोचली होती, आणि शिबिराला आलेला आणखी एक वाडा तिच्या शेजारच्याच शेतात येऊन बसला होता.

"शेजारी सात पडल्या, डाक्टर. माज्या दीडशे अजून उभ्या हायत्या. लस कवा?"

"मागवतो."

"मागवतो का मागिवली?"

डॉक्टरांची नजर कोऱ्या कागदावर गेली.

"न्हाई मागिवली व्हय," ठकूबाई म्हणाली. तिनं टोमणा मारला नाही. फोन ठेवला. मी इतकी वर्षं तिला ओळखते, बोलणं अर्धं टाकून गप्प झालेली तेव्हाच ऐकली.

डॉक्टरांनी लिहायला घेतलं. तासाभरानं मला हाक मारली. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्ही तिथं होतात. वाचा, आणि काही खोटं असेल तर सांगा."

मी चौथी शिकले. सरकारी मराठी मला दगडावरून चालल्यासारखी वाचावी लागते. अकरा वाड्यांची नावं होती. शिबिराची तारीख होती. पुढं लिहिलं होतं, 'एडक्याचे नाक वाहत असल्याचे माझ्या निदर्शनास आले होते. तथापि छायाचित्रासाठी ते पुसून घेण्याची सूचना मी दिली.' मी ते दोनदा वाचलं.

मी म्हणाले, "पुसलं मी. ते न्हाई लिवलं."

"सांगितलं मी," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही उलट मला सांगितलं होतं. ते लिहू का?"

मी मान हलवली, नको म्हणून. माझं नाव एखाद्या कागदात जाईल या विचारानंच मला घाम फुटला. कागद गेला. मोठ्या साहेबांचा परत फोन आला, तेव्हा गोडवा नव्हता. "ते नाकाचं कशाला लिहिलंत? नाकाचं कोणी विचारलं होतं तुम्हाला?" हे मात्र खरं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

चार दिवसांत लस आली, आणि तिच्या पाठोपाठ बदलीचा हुकूमही. मेंढ्यांच्या रोगांत जन्म घालवलेल्या माणसाला कोकणात समुद्राकाठी पाठवलं, जिथं मेंढी औषधालाही सापडत नाही. सरकारला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं? हुकमात त्यांना तीन दिवस दिले होते. शिपाई नेमका रजेवर गेला, म्हणून लसीची बर्फाची पेटी घेऊन मी त्यांच्याबरोबर हिंडले. वाड्यांवर लोक शिव्या द्यायचे. भागूजीनं तर पडलेल्या मेंढ्यांची रांग दाखवली आणि म्हणाला, "हितं बिबट्या आला व्हता बघा साहेब, शाल पांघरून." डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि उरलेल्या मेंढ्या बघितल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा वाडा ठकूबाईचा. आम्ही बांधावर पोचलो तशी ती आडवी आली.

"तितंच ऱ्हावा. आज कुटं कुटं गेला व्हता?"

"दोन वाड्यांवर."

"आजारी?"

"आजारी."

"मंग न्हाई. माज्या मेंढ्या चांगल्या हायत्या. सकाळी आंगूळ करून या, धुतल्याली कापडं घालून, आन् पयलं माज्याकडं. मदी कुटं जायाचं न्हाई."

"ठकूबाई, उद्या मी इथला डॉक्टर नसणार. आज संध्याकाळी कार्यभार सोडतोय. सकाळच्या एसटीनं निघायचंय."

"त्ये तुमचं तुमी बगा," ती म्हणाली आणि जाळीकडं निघून गेली.

डॉक्टर मला म्हणाले, "बरोबर आहे तिचं." त्यांना राग यावा असं मला फार वाटत होतं. आला नाही. उलट तोंडावर जवळजवळ तसाच आनंद होता, भागूजीच्या मेंढीत किडे निघाले तेव्हा होता तसा. काही माणसांचं काही करता येत नाही.

सकाळी ते आले. ओले केस, इस्त्रीचा शर्ट, हातात प्रवासाची पिशवी. ती त्यांनी बांधावरच ठेवली. सामान आणि मोटरसायकल टेंपोतून पुढं गेली होती. मी फाट्यावरून पेटी घेऊन आले. आदल्या संध्याकाळपासून ते आमचे डॉक्टर नव्हते, त्यामुळं त्या दिवशी टोचलेल्या मेंढ्या कुठल्याच कागदावर नाहीत. ठकूबाईचा नवरा मेंढी धरायचा, डॉक्टर टोचायचे, ठकूबाई टोचलेलीच्या पाठीवर गेरूचा ठिपका द्यायची.

शंभरावर ठिपके झाले असतील, तेव्हा रस्त्यावर एसटी येऊन थांबली. डॉक्टरांनी कंडक्टरला आधी सांगून ठेवलं होतं. त्यानं खिडकीतून हाक दिली, "चला डॉक्टर!"

"जावा," ठकूबाई म्हणाली. "गाडी आली."

"किती राहिल्या?"

"चाळीसेक."

कंडक्टरनं परत हाक मारली. डॉक्टरांनी मान वर न करता सुई धरलेला हात हलवला, जा म्हणून. गाडी जरा वेळ घुटमळली आणि गेली. ठकूबाईच्या नवऱ्यानं पुढची मेंढी ओढून आणली. डॉक्टरांनी आधी तिचं नाक बघितलं, मग माझ्याकडं हात केला. मी पेटी उघडून नवी बाटली दिली.